तळहाताएवढा बोर्ड आणि मधुभाऊ

आमचे शेजारी मधुभाऊ कुरियरवाल्याला पाणी देतात, चहा देतात, पण जाऊ देत नाहीत. खोकं त्याच्यासमोर फोडायचं, मोबाईलवर शूटिंग करायचं आणि शेवटी त्या बिचाऱ्याने कॅमेऱ्यात बघून नाव-गाव सांगायचं. त्याशिवाय सुटका नाही. जळगाव जामोदातले कुरियरवाले आता त्यांच्याकडे दुपारीच येतात, जेवणाचा डबा सोबत घेऊन.

"याच्यात काहीतरी गोम हाय सर," हे त्यांचं पालुपद. कॉम्प्युटर पहिल्या फटक्यात सुरू झाला तर मोठीच गोम. दूध घट्ट आलं तरी ते दूधवाल्याकडे रोखून बघतात.

बसस्टँडच्या रस्त्याला त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वहिनी गेल्यापासून ते तिथेच असतात. एकुलती एक वैशू दुसरबीडला दिलेली. तिच्या सासरी ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र आहे. तिथला कॉम्प्युटर मधुभाऊंनीच बांधलेला, तोही तळहाताएवढ्या मदरबोर्डवर, मसाल्याच्या डब्याहून जरा मोठ्या डब्यात.

त्या बोर्डाने त्यांचा जो छळ केला तो मी पाहिलाय. पंखा बसवला की रॅमची पट्टी बसत नाही. पट्टी बसली की वायर अडते. वायर वाकवली की झाकण बोटभर उघडं राहतं, आणि दाबून लावलं की आत काहीतरी खुळखुळतं. मग सगळं परत उघडायचं. मधुभाऊंची बोटं केळ्यांएवढी. आत पडलेला स्क्रू शोधताना ते थेट बोर्डालाच विचारायचे, "काय लपवून राह्यला बे?"

"भाऊ, मोठा बोर्ड घ्या ना. वैशूच्या टेबलाखाली बैलगाडी उभी राहील एवढी जागा आहे."

"तुमाले नाई समजत सर."

आता मलाच संशय यायला लागला. तो लहान डबा तापायचा, धूळ धरायचा, ऐन गर्दीत बंद पडायचा. मग मधुभाऊ पांढरा सदरा घालून सकाळच्या एसटीने निघायचे. हा माणूस जावयाच्या गळ्यात मुद्दाम भलतंच काहीतरी मारतोय, अशी माझी खात्री झाली, आणि एक दिवस मी तसं तोंडावर विचारलं.

ते बराच वेळ स्क्रूड्रायव्हर पुसत बसले.

"मोठा डबा लवकर बिघडत नाई सर. मंग मी कोणत्या तोंडानं जाऊ? लेकीच्या सासरी बापानं बिनकामाचं जाऊ नाई, आमच्यात तसंच हाय. फुकट जेवाले आला म्हणतीन."

मला फार वाईट वाटलं.

यंदा तर घातच झाला. त्यांनी तिच्यासाठी नवा डबा बांधला आणि हात बसल्यामुळे तो नको तितका चांगला झाला. उन्हाळा तापला तरी तक्रार नाही. ते फोन करून विचारायचे, "तापते का वं?" आणि वैशू कौतुकाने सांगायची, "नाई बाबा, थंडगार हाय." फोन ठेवून ते तासभर उगाच स्क्रू निवडत बसायचे. एक दिवस त्यांनी कुरियरवाल्याला शूटिंग न करताच जाऊ दिलं, तेव्हा मात्र मी घाबरलो. घरी येऊन वैशूला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात असतानाच तिचा फोन आला. मधुभाऊ सगळे फोन स्पीकरवर घेतात, साक्षीदार हवा म्हणून.

"बाबा, डबा लय आवाज करून राह्यला. येता का?"

मागून जावयाचा आवाज आला, "काऊन वं? चांगला तर चालून राह्यला."

"तुमी गप बसा," वैशू म्हणाली. "बाबा, उद्याच या."

मधुभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहू लागलो. आता गोम निघणार, अशी धास्ती वाटली.

त्यांनी हळूच फोन खिशात ठेवला आणि नाक ओढलं.

"खोलूनच पाहा लागन सर," ते म्हणाले. "मुक्कामाचं काम दिसते."