ओट्यावरून गेलेले चार चमचे

"लाकूड वरून रंगाचं ऐकतं, आतून पाण्याचं," सुतारकाका दोन वर्षांपूर्वी दाराची बिजागरी बदलता बदलता म्हणाले होते. "तो मागचा ओटा एकदा खालून बघून घ्या, वहिनी."

वहिनीने मान डोलावली आणि विषय सोडून दिला. घरामागच्या उतारावर खांबांवर उभ्या असलेल्या त्या लाकडी ओट्याला नुकताच चकचकीत तपकिरी रंग दिलेला होता, आणि शिकलेल्या माणसाला सुतारापेक्षा रंगाच्या डब्यावरचा मजकूर जास्त खरा वाटतो. शिवाय घरात गुप्तहेर असताना सुताराला विचारतो कोण?

गुप्तहेर म्हणजे तिचा धाकटा दीर. आपली ओळख तो स्वतःच करून द्यायचा, कारण दुसरं कुणी तयार नसायचं. "नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं, कान सशाचे!"

"मेंदू कुणाचा ते सांगायचं राहिलं," सासूबाई शेंगा सोलत म्हणायच्या.

बिस्किटं कोण संपवतं याचा तपास त्याने अकरा दिवस केला होता. त्या अकरा दिवसांत चार पुडे त्याने एकट्याने 'पुरावा म्हणून' तपासले. मांजर दूध पितं की नाही हे शोधताना त्याने ओट्यावर गोणपाट अंथरलं. ओल्यावर ठसे छान उमटतात म्हणून रोज सकाळी त्यावर बादलीभर पाणी. मांजर केव्हाच दुसरीकडे राहायला गेलं. बादली वर्षभर चालूच राहिली.

मग ओट्यावरून चमचे जायला लागले. वहिनीची लेक चौदा महिन्यांची, नुकती पाऊल टाकायला लागलेली. भरवण्यासाठी तिला ओट्यावर न्यावं तर आठ दिवसांत चार चमचे आणि एक खुळखुळा गायब.

"भावोजी, चमचे गेले खड्ड्यात," वहिनी म्हणाली. "त्या फळीवर पाय ठेवला की ती दबते. पोरगी दिवसभर तिथेच नाचते, आणि खाली पुरुषभर खोल उतार आहे. ओटा धड आहे का, तेवढं बघा."

"वहिनी, सामान्य माणूस फळी बघतो. मी हेतू बघतो."

पहिला संशय कावळ्यावर. पुरावा, एक पीस. ते त्याच्याच उशीतलं निघालं. दुसरा संशय पोस्टमनवर, कारण त्याची पिशवी खुळखुळते. पोस्टमनने पिशवी उलटी करून किल्ल्या दाखवल्या आणि त्या दिवसापासून पत्रं कुंपणावरून फेकायला लागला. तिसरा संशय थेट सासूबाईंवर.

"दात नाहीत, म्हणजे चमच्याची गरज सगळ्यात जास्त कुणाला?"

"ज्या चमच्याने तुला भरवलं ना, तो तेव्हाच मोडून टाकायला हवा होता!" सासूबाई म्हणाल्या. वहिनीचा नवरा हा सगळा काळ वर्तमानपत्राच्या मागे होता.

रविवारी दुपारी गुप्तहेराने उलगडा जाहीर केला. सगळ्यांनी ओट्यावर जमायचं, अशी आज्ञा. नवरा खुर्ची घेऊन आला. वहिनी आली. पोरगी तिच्या कडेवरून उतरून, हातात नवा चमचा घेऊन, गोणपाटाच्या कडेला भिंतीशी जाऊन बसली. सासूबाई तेवढ्या नव्हत्या. दोरीवरचा टॉवेल वाऱ्याने ओट्याखाली गेला होता, तो आणायला त्या उतरल्या होत्या.

"आरोपी आज इथे हजर नाही," दीर म्हणाला, "आणि हीच तिच्या अपराधाची खूण!"

"चमचे सापडले रे," खालून आवाज आला. "चारही. खुळखुळासुद्धा."

"आई, पुराव्याला हात लावू नकोस!"

"हात कसला लावतेय? वर बघतेय मी. ओटा भिंतीपासून चार बोटं सुटलाय, आणि गोणपाटाखाली झाकलेल्या त्या फटीतून मला पोरीचा हात दिसतोय." मग खणकन काहीतरी पडलं. "हा पाचवा. उचल तिला, सूनबाई! आत्ता! आणि तू रे, खुर्ची सोड!"

वहिनीला पुढचं काही आठवत नाही. एवढंच आठवतं की ती स्वयंपाकघरात उभी होती, पोरगी छातीशी इतकी आवळलेली की ती रडायलाच लागली. मागोमाग नवरा आत. ओट्यावर एकटा गुप्तहेर उरला. "थांबा, निष्कर्ष राहिलाय!" म्हणत त्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि गुडघ्यापर्यंत निष्कर्षातच गेला.

संध्याकाळी सुतारकाका आले. त्यांनी आधी दिराचा पाय काढला, मग खाली जाऊन भिंतीलगतच्या तुळईत पेचकस टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा.

"एकदोन फळ्या गेल्या तर फळ्या बदलतो आपण," ते म्हणाले. "पण भिंतीची तुळई कुजली, खांब हलायला लागले, खिळे गंजून सुटले, की डागडुजी नाही करायची. सगळा उतरवायचा. पण एवढं पाणी मुरवलं कुणी याच्यात?"

सगळ्यांनी एकाच दिशेला बघितलं.

"मी म्हटलंच होतं," पायाला हळद लावून बसलेला गुप्तहेर म्हणाला, "गुन्हेगार घरातलाच आहे."

घरात आता त्याच्यावर सगळे हसतात. वहिनीही हसते, पण ओठांनीच. भिंग घेऊन फिरणारा तर येडपट होताच. पण फळी दबते हे स्वतःच्या तळपायाला कळूनही, दहा पायऱ्या उतरून खाली वाकायचं सोडून त्या येडपटाला विचारत बसलेली बाई कोण होती?

म्हणून तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. ओटा, जिना, सज्जा, काहीही लाकडी असेल घराला, तर खालून कधी बघायचं ते मागाहून ठरवा. आधी हे वाचन इथेच थांबवा, आणि लेकरू आत्ता नेमकं कशावर उभं आहे, ते बघून या.