गव्हाणे सरांचं गिऱ्हाईक

गव्हाणे सरांच्या पाया पडलं की ते आशीर्वाद देत नाहीत. "गिऱ्हाईक कोन?" म्हणून विचारतात. मी बारावीचे पेढे घेऊन गेले तेव्हाही हेच. एकदा कपिलधारला गेलो, तर तिथला कोरडा धबधबा बघून म्हणाले, "दुकान झकास हाय, माल तेवढा न्हाई."

वडवणीत ते बायकांना उद्योजकता शिकवतात. मी इंग्रजी शाळेतली, चारचौघांत तोंड न उघडणारी. त्यांचे कागद लिहिण्याचं काम मला मानवलं.

दुष्काळाचं साल होतं. वर्गातल्या बायकांचे कान टँकरच्या हॉर्नकडे. सरांनी नेहमीचा प्रश्न टाकला. मागून कलावतीबाई म्हणाल्या, "ऊसतोडीला निघालेलं बिऱ्हाड. दोन चमचे येसर, उकळतं पानी, झाली आमटी. फडात मसाला वाटत कोन बसतंय?"

सरांनी फळ्यावरचं आपलं पुसलं आणि त्यांचं वाक्य लिहिलं. असं कधी होत नसे.

त्यातून येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, करणाऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. कलावतीबाई अध्यक्ष, सर सचिव. चव बघायच्या निमित्तानं सर दिवसातून तीनदा यायचे. साठी उलटलेला ब्रह्मचारी माणूस, सदऱ्याला भाजल्या धन्याचा वास. एक दिवस सगळ्यांसमोर त्यांनी चाचरत लग्नाचं विचारलं.

विधवा कलावतीबाईंनी हातातली चाळणीही थांबवली नाही. "गिऱ्हाईक कोन?"

"मीच की."

"मंग रांगेत उबं ऱ्हावा!" म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की पीठ उडालं. पुढच्या आठवड्यात लग्न झालं.

मग चार वर्षं. दुपारी संस्थेच्या दारात दोघं टँकरची वाट बघत बसायची. समोरचा रस्ता उन्हात पाण्यासारखा हलायचा. बोलणं फार नसायचं. आत लिहिता लिहिता मला त्यांचं ते न बोलणं ऐकत बसावंसं वाटे.

गेल्या उन्हाळ्यात अंबाजोगाईच्या दवाखान्यात कलावतीबाई वारल्या.

तेराव्यानंतर संस्थेची सभा झाली. 'कलावतीबाई आता आपल्यात नाहीत,' असा श्रद्धांजलीचा ठराव मांडला गेला. सगळ्या बायका उभ्या राहिल्या. असे ठराव सर्वानुमतेच होतात, म्हणून मी तसं लिहिलं आणि वही सरांपुढे ठेवली. त्यांनी वाचली आणि परत सरकवली.

"पोरी, माझं मत कवा घेतलंस?"



"लिही. बहुमतानं मंजूर. विरोधात एक."

मी तसं लिहिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि सचिव म्हणून खाली सही केली.