काहीच न येणारा नवरा

"तुम्हाला काय काय येत नाही, त्याची यादी करून आणा," वकीलबाई म्हणाल्या आणि खटखटराव पेचात पडले. उभी हयात टाइपरायटर दुरुस्त करण्यात गेल्यामुळे गल्लीने त्यांना हे नाव बहाल केलं होतं. टाइपरायटर गेले, दुकान गेलं, नाव तेवढं राहिलं. गेली आठ वर्षं ते घर सांभाळत होते आणि बायको दातांचा दवाखाना. आता बावीस वर्षांचा संसार मोडायचा, हे दोघांनी भांडता भांडता ठरवून टाकलं होतं. पंचावन्नाव्या वर्षी पुढे खायचं काय, या धास्तीने खटखटरावांची झोप उडाली होती.

"पण पोटगी मिळेल ना? कायमची?"

"नुसती मागून मिळत नाही. तुम्ही कमावू शकता असं कोर्टाला वाटलं, तर वर्षभराची मिळेल, पायावर उभे राहीपर्यंत. जन्मभराची हवी असेल, तर तुमच्याच्याने आता काही होणार नाही, हे दिसलं पाहिजे. तेव्हा निकालापर्यंत घरात एक स्क्रूसुद्धा पिळायचा नाही!"

घर अजून एकच होतं, वाटणी फक्त खोल्यांची झाली होती. यादीसाठी खटखटरावांची सगळी भिस्त बायकोवर होती, कारण त्यांच्या नालायकीचा पाढा तिला तोंडपाठ होता. पण तिकडच्या वकीलसाहेबांनीही तिला पढवलं होतं. नवरा हरहुन्नरी आहे, हेच म्हणत राहायचं! खटखटरावांनी मुद्दाम दूध करपवलं, तर ती म्हणाली, "वा, काय खमंग वास सुटलाय!" बावीस वर्षांत न झालेलं कौतुक नेमकं नको तेव्हा होत होतं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला, तेव्हा तर दोन्ही हात काखेत दाबून ते दुसऱ्या खोलीत जाऊन बसले.

अशातच एका दुपारी दवाखान्यातून बायकोचा फोन आला.

"अहो, ताबडतोब या. खुर्ची अडकलीय."

"कंपनीला कळव."

"त्यांचा माणूस परवा येणार! आणि खुर्चीत पेशंट आहे. डोकं खाली, पाय वर."

"मग उतरव त्याला."

"कंबर धरलीय हो त्यांची. जरा हलवलं की बोंब मारतात."

खटखटराव नुसतं बघायला म्हणून गेले. खुर्चीत उलटे पडले होते ते बायकोचे वकीलसाहेब. जबडा बधिर, तोंडात कापूस, डोळे मात्र टक्क उघडे. खटखटरावांनी चटकन हात खिशात घातले आणि ते पाठ केल्यासारखं म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही."

डॉक्टरीणबाई भांडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "माझे हात कापतायत हो."

हे वाक्य खटखटरावांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना भडभडून आलं. त्यांनी बाह्या सरसावल्या, खालचं झाकण काढलं आणि दातेरी चाकात गुंतलेला कापसाचा बोळा चिमट्याने ओढून काढला. नऊ मिनिटांत खुर्ची सरळ, वकीलसाहेबही सरळ. तासाभराने जीभ ताळ्यावर आल्यावर ते पहिलं वाक्य बोलले, "शाबास! आता कोर्टात भेटू."

स्वतःच चालवत असलेल्या खटल्यात त्यांना साक्ष देता येणार नव्हती, पण डॉक्टरीणबाई होत्या ना. तारखेला वकीलसाहेबांनी खुशीत विचारलं, "सांगा डॉक्टर, तुमच्या नवऱ्याला काय काय येतं?"

डॉक्टरीणबाईंनी एकदा खटखटरावांकडे पाहिलं. "काही नाही."

"काही नाही?"

"साधा खिळा ठोकता येत नाही त्यांना. नळ ठिबकतोय महिनाभर!"

वकीलसाहेब लालबुंद झाले. "नीट आठवा. त्या दिवशी दवाखान्यातली खुर्ची..."

"ती? ती आपोआप सुटली."

जन्मभराची पोटगी आता अगदी हाताशी आली होती. वकीलबाईंनी खटखटरावांचा कोट घट्ट धरून ठेवला होता, पण ते उठलेच आणि न्यायाधीशबाईंना म्हणाले,

"आपोआप? मॅडम, अशी खुर्ची आपोआप सुटत नसते! मोटर वर ओढतेय, चाक जागचं हलत नाही, बोळा दात्यांमध्ये! कंपनीच्या माणसाने अख्खी मोटर बदलली असती. मी नऊ मिनिटांत काढला!"

न्यायाधीशबाईंनी त्यांना मनसोक्त बोलू दिलं. मग विचारलं, "आणि ही माझी खुर्ची करकरते, तिला तेल घालावं का?"

"तेल नको, वॉशर बदला. मघापासून ऐकतोय मी."

न्यायाधीशबाईंनी पेन उचललं. पोटगी मिळाली एक वर्षाची.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना गाठलं. "जन्माची पोटगी घालवलीत! तुमच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून शपथेवर धडधडीत खोटं बोलले मी, आणि तुम्ही..."

"खोटं?" खटखटराव थबकले. "मला काही येत नाही, हे खोटं?"

"मग काय खरं? माहीत नाही होय मला?" डाफरून त्या तरातरा जिना उतरून गेल्या.

खटखटराव बाकावर टेकले. वकीलबाई फायली सावरत आल्या. "असं हातपाय गाळू नका. आपण अपील करू."

"छे छे, अपील कसलं?" खटखटराव म्हणाले, "निकाल माझ्याच बाजूने लागलाय."