नाहूरचा चालू संगणक

यंत्र मेलं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार यंत्राला नसतो. तो मालकाला असतो. नाहूरचे निवृत्त हेडक्लार्क राजाराम गमरे यांनी तो जबाबदारीने बजावला.

त्यांचा संगणक इतका जुना होता की बनवणाऱ्यांनीही ओळख दाखवणं सोडलं होतं. पत्नी सुगंधाबाईंनी शांतपणे सांगितलं, की शनिवारपर्यंत हा डबा सुरू झाला नाही तर भंगारवाल्याला वर बोलावते. रविवारी संघमित्राला, म्हणजे त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि डब्याने हॉलमधलं टेबल अडवलं होतं.

राजारामांनी लिनक्स नावाची फुकटातली दुसरी सिस्टीम सीडीवर मिळवली. सीडीचा कप्पा उघडेना, तो टाचणीने उघडला. मग मिटेना, म्हणून त्याला वरवंटा टेकवला (ही सूचना अधिकृत नाही). शनिवारी संध्याकाळी पडदा काळा झाला, पांढरी अक्षरं धावली आणि शेवटी एक रेघ लुकलुकू लागली. राजारामांचे डोळे भरून आले. शेजारच्या प्रेमाताईंनी मजल्यावर साखर वाटली.

संगणक नेमकं काय करतो, हे विचारणं असभ्यपणाचं होतं. तो चालू होता. आवाज, छपाई, इंटरनेट या चैनी त्याने सोडल्या होत्या. तारीख सांगायचा, पण ती त्याची स्वतःची असायची. पंखा मिक्सरसारखा घुमायचा, त्यामुळे घरात सगळ्यांना एका रात्रीत स्पष्ट आणि मोठ्याने बोलायची सवय लागली. फ्रिजच्या झटक्याने तो बंद पडू नये म्हणून फ्रिज बंद केला. दूध प्रेमाताईंकडे गेलं.

पाहुणे आले तेव्हाही तो चालूच होता. बंद केला, तर पुन्हा सुरू होण्याची हमी कोणी देईना. मुलगा प्रितम मालाडला सॉफ्टवेअर कंपनीत होता. पडदा दिसताच तो पोह्यांची बशी ठेवून गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "काका, एवढ्याशा मेमरीत बसवलंत कसं?"

पुढे दोघांनी कोणाकडे पाहिलं नाही. पोहे निवले. प्रितमच्या आईने पंख्याची दोनदा तारीफ केली. शेवटी संघमित्राने आवाज चढवून विचारलं, की तुम्हाला मला काही विचारायचंय का?

प्रितमने बराच विचार केला. "तुमच्याकडे गोल पिनचा जुना कीबोर्ड आहे का?"

संघमित्रा उठली आणि तिने प्लग काढला. पंखा थांबला. इतकी शांतता त्या घराला परकी होती.

"आता विचारा," ती हळू आवाजात म्हणाली.

राजाराम भिंतीकडे पाहत राहिले. प्रितमने घाबरत तिला नोकरीचं विचारलं, मग आवडीनिवडीचं, मग ती चिडली आहे का, हे विचारलं. ती हो म्हणाली. लग्न ठरलं. संगणक आहेरात मालाडला गेला. तो सुरू होत नाही, पण जावईबापूंनी सीडी बदलून पाहायचं ठरवलं आहे.

वाचकांनी खुशाल हसावं. फक्त आधी माळ्यावरची वायरींची पिशवी काढावी आणि त्यातली कोणतीही एक वायर कशाची आहे, ते सांगावं. येत नाही ना सांगता? मग टाकून द्या.

बघा, ठेवलीत परत.