स्टेशनचा इतिहास, कॅसेट पहिली

"सोमवारपासून निवेदन कॉम्प्युटर करेल," साहेब म्हणाले. "त्याला सर्दी होत नाही."

ताईंनी हातातला कागद टेबलावर ठेवला. त्या छोट्या रेडिओ स्टेशनवर त्या सव्वीस वर्षं निवेदन करत होत्या आणि हे त्यांचे सहावे साहेब. नवा साहेब आला की स्टेशनचं सोंग बदलायचं. पहिल्यांदा नुसतं हवामान आणि बाजारभाव असायचे. दुसऱ्यांनी जुनी गाणी आणली, तिसऱ्यांना जुन्याचा तिटकारा, म्हणून नवी. चौथ्यांनी गाणीच बंद करून दिवसभर आरोग्याचे सल्ले सुरू केले, तेव्हा धडधाकट माणसंसुद्धा दवाखान्यात रांगा लावू लागली. मग प्रश्नमंजूषा आली आणि आता दिवसभर विनोद. ताई सगळ्यांना पुरून उरल्या होत्या. त्या विनोदही बाजारभावाच्या आवाजात वाचायच्या, एवढीच काय ती तक्रार होती.

"ठीक आहे," ताई म्हणाल्या. "पण त्याआधी मला एक तास हवा. स्टेशनच्या इतिहासावर."

"इतिहास कोण ऐकतंय हो?"

"पन्नास फोन आले तर मी राहणार. नाही आले तर तुम्ही आणि तुमचा कॉम्प्युटर, सुखाने नांदा!"

साहेबांना हसू आलं. गेल्या महिन्यात स्टेशनला चार फोन आले होते आणि त्यातले तीन राँग नंबर होते. "मंजूर. शनिवारी पाच वाजता."

ताईंनी टेपांचं कपाट उघडलं आणि कपाळावर हात मारला. नव्या साहेबांचे कार्यक्रम जुन्या साहेबांच्या टेपांवरच मुद्रित करायचे, हा स्टेशनचा शिरस्ता होता. सव्वीस वर्षांतलं आता विनोदांखेरीज काही शिल्लक नव्हतं. पण ताई हटणाऱ्यांतल्या नव्हत्या. "कोणाकडे आपल्या जुन्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग असेल तर कृपया आणून द्यावं," असं त्यांनी दोन विनोदांच्या मध्ये सांगितलं. लोकांना तो तिसरा विनोद वाटला.

आला तो एकटा मागच्या गल्लीतला शिंपी. शनिवारी, पाचला पाच कमी असताना, धापा टाकत.

"बटणांच्या डब्यात सापडली एकदाची," तो कॅसेट पुढे करत म्हणाला. "स्टेशनचा पहिला दिवस. तुमचा एक शब्द सोडलेला नाही."

"रेकॉर्ड कशी केलीत?"

"रेडिओ फळीवर, टेपरेकॉर्डर माझ्या मशीनवर. बटण दाबलं आणि लागलो कामाला."

कॅसेट आधी ऐकून बघायला वेळ कुठे होता? लाल दिवा लागला. ताईंनी स्टेशनच्या जन्मकथेची चार सुंदर वाक्यं म्हटली आणि कॅसेट सुरू केली.

आधी शिलाई मशीनची खडखड आली. मग अगदी कानाशी एक बाई कडाडली, "पुन्हा पॅन्ट दोन इंच आखूड कापलीत ना?"

"गिऱ्हाईकच उंच झालंय," शिंपी म्हणाला.

"चाळिशीतला माणूस आठ दिवसांत उंच होतो?"

त्यांच्या मागे कुठेतरी, विहिरीच्या तळातून यावा तसा तरुणपणीच्या ताईंचा आवाज उद्याचं तापमान सांगत होता.

"मी चालले बहिणीकडे! कायमची!"

"जा. जाताना दार लोटून घे."

दार धाडकन आपटलं आणि कॅसेट संपली. काचेपलीकडे साहेब दोन्ही हातांनी 'बंद करा' अशा खुणा करत होते. तेवढ्यात फोन वाजला.

"त्या बाई परत आल्या का हो?"

मग दुसरा, मग तिसरा. सहा वाजेपर्यंत एकशे बारा फोन झाले. पॅन्टचं पुढे काय झालं, नवऱ्याने माफी मागितली का, बहिणीने ठेवून घेतलं का. एका गृहस्थांनी तर ती पॅन्ट आपलीच होती, असं सांगून तक्रारही नोंदवली. ताईंबद्दल मात्र एकानेही विचारलं नाही. ताईंना वाईट वाटलं. अगदी रडू येईल इतकं वाईट वाटलं.

साहेब मात्र हरखून गेले होते. "शब्द म्हणजे शब्द, तुम्ही राहिलात! कॉम्प्युटर गेला खड्ड्यात. सोमवारपासून 'शिंप्याचा संसार', थेट प्रक्षेपण! नवराबायको माइकसमोर भांडणार."

"आणि मी?"

"तुम्ही मागे, त्या कोपऱ्यात. हवामान वाचायचं, हळू आवाजात. लोकांना तसंच आवडलंय ना!"

दुसरी कोणी असती तर राजीनामा तोंडावर फेकून निघून गेली असती. ताई म्हणाल्या, "वाचीन." कोपरा तर कोपरा, पण वाचायचं ते नीटच. रविवारभर त्यांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या आणि हवामानाचा कागद अकरा वेळा मोठ्याने वाचला.

सोमवारी शिंपी आणि त्याची बायको इस्त्रीच्या कपड्यांत माइकसमोर बसले. लाल दिवा लागला. कोपऱ्यातून ताईंनी वाचायला सुरुवात केली. शिंप्याने घरून पाठ करून आणलेलं पहिलं वाक्य काढलं, "त्या पॅन्टचं म्हणशील तर..."

"गप्प बसा!" बायको म्हणाली. "ताई बोलताहेत."

शिंपी गप्प बसला. एक मिनिट गेलं, दोन गेली. काचेआडून साहेबांनी हात जोडले, पॅन्टची आठवण करून द्यायला बोटांची कात्री करून दाखवली. शेवटी दार किलकिलं करून ते कुजबुजले, "वहिनी, भांडा ना!"

"अहो साहेब, रेडिओ बोलत असताना भांडता येतं. माणूस समोर बसून बोलत असताना कसं भांडणार?"

तिने आपल्यासमोरचा माइक उचलला, वायरीसकट कोपऱ्यात नेला आणि ताईंपुढे ठेवला.

"हं ताई, पहिल्यापासून वाचा. सव्वीस वर्षं यांच्या मशीनपायी धड एक शब्द ऐकू आलेला नाही."