रंग डोंबिवलीचा

आमचे नंदूदादा बायकांच्या साड्यांकडे टक लावून बघतात. हे वाचून तुमच्या मनात जे आलं, ते आमच्या बाळकुमच्या सोसायटीतही येऊन गेलेलं आहे. सेक्रेटरींनी तर एकदा मला बाजूला घेऊन विचारलेलं, "ते तुमचे पाहुणे... म्हणजे... तसे बरे आहेत ना?"

बरे आहेत. नंदूदादा म्हणजे माझी बायको सुजाता, तिचे थोरले भाऊ. लग्न केलेलं नाही. डोंबिवलीत एकटे राहतात आणि तिथल्याच एका कापड रंगवायच्या कारखान्यात सांडपाणी साफ करायचं काम बघतात. कापडाला लागून उरलेला रंग पाण्यात येतो आणि ते पाणी येतं नंदूदादांच्या टाकीत. त्यात हिराकस घालायची, चुना घालायचा, ढवळायचं, रंग गोळा करून तळाशी बसवायचा आणि वरचं स्वच्छ पाणी पुढे सोडायचं. काम एवढंच. पण वर्षानुवर्षं रंगांशी कुस्ती खेळून माणसाचं जे व्हायचं ते झालंय. त्यांना साडी दिसतच नाही, जुना वैरी दिसतो.

"ही बघा, ही राणी कलरवाली," लिफ्टमध्ये शेजारच्या वहिनींसमोर ते माझ्या कानात कुजबुजतात. त्यांची कुजबुज दोन मजले वर ऐकू जाते. "महाचिवट! पोतंभर हिराकस खाल्ली, तरी हटेना!"

वहिनी त्या दिवसापासून जिना वापरतात.

प्रत्येक रंगाचा स्वभाव त्यांना पाठ. पिवळा सज्जन, डोळे वटारले की निघतो. मोरपंखी नखरेल. विटकरी आळशी, पण मनाचा चांगला. आणि काळा म्हणजे हाडवैरी. मी काळा शर्ट घालून समोर आलो की म्हणतात, "घाला, घाला. निस्तरायला आम्ही आहोतच."

रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "आज जांभळं!" बस. सुजाता विचारते, "बरं दादा, जेवायला बसलास का?" "बसतंय, बसतंय, हळूहळू खाली बसतंय," असं म्हणून फोन ठेवतात. हे जेवणाबद्दल नसतं.

एक मात्र आहे. पुढच्या सणाला बाजारात कुठला रंग येणार हे त्यांना आधीच कळतं. "या दिवाळीला बाटली ग्रीन. मी टाकीत बघितलंय!" असं त्यांनी एकदा सांगितलं आणि दिवाळीत खरोखरच अर्धी सोसायटी हिरवीगार. तेव्हापासून बायका त्यांना घाबरतातही आणि गुपचूप विचारतातही.

तर आमच्या लेकीचा, केतकीचा साखरपुडा होता. घोडबंदर रोडवरचा हॉल. मुलीचा मामा म्हणून नंदूदादा पहिल्या रांगेत. सुजातानं आदल्या दिवशीच दम दिलेला, "दादा, साड्यांवर एक शब्द बोलायचा नाही."

"नाही गं. तोंड शिवून टाकलंय समज."

आणि समोरून आमच्या होणाऱ्या विहीणबाई आल्या. शैलाताई, वर्तकनगरच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. हॉलमध्ये शिरल्या आणि आमच्याकडचे दोघेतिघे उगाचच उठून उभे राहिले. अंगावर गडद जांभळी पैठणी.

मी नंदूदादांकडे बघितलं. भात उकळताना झाकण थडथडतं तसे ते खुर्चीत थडथडत होते. शेवटी झाकण उडालं.

"ताई, साडी कुठची हो?"

"येवल्याची. खास विणून घेतलीय."

"येवल्याची असेल," नंदूदादा म्हणाले, "रंग डोंबिवलीचा आहे."

तेवढ्यावर थांबावं की नाही? पण नंदूदादा आता रंगात आलेले. पदराकडे बोट दाखवून म्हणाले, "मागच्या उन्हाळ्यात हिनं मला आठवडाभर झोपू दिलं नाही!"

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली केला. सुजातानं डोळे मिटले. शैलाताई जेवण होईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला. "आमच्या वस्तूला भर सभेत खोटं ठरवणाऱ्या घराशी सोयरीक करायची का, याचा मला विचार करावा लागेल." केतकी रडायला लागली. सुजाता माझ्यावर चिडली, कारण भाऊ हाताशी नव्हता. मग पलीकडून पुढचं वाक्य आलं, "नाहीतर तुमच्या मामांना म्हणावं, सिद्ध करून दाखवा. रविवारी मी साडी घेऊन कारखान्यात येते."

रविवारी आम्ही सगळे डोंबिवलीला गेलो. वासानं केतकीनं ओढणी नाकाला लावली. गेटवर नंदूदादा उभे, केसांना तेल, कडक इस्त्रीचा शर्ट. टाक्यांच्या मधली जागा धुऊन काढलेली आणि तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या.

"साहेबांनी सकाळपासून खुर्च्या पुसून पुसून झिजवल्या," वॉचमन मला म्हणाला. "इकडं बघायला म्हणून कधी कोण येतच नाही ना."

शैलाताईंनी पिशवीतून पैठणी काढली. नंदूदादांनी पदराचं टोक उन्हात धरलं, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. मग हळूच म्हणाले, "नाही. हा आमचा नाही. रेशमावरचा रंग वेगळा असतो. चुकलो मी, ताई. माफ करा."

आम्ही भांडणाच्या तयारीनं आलेलो. सुजाताला राहवेना. "मग दादा, एवढी वर्षं जगाच्या साड्या ओळखत फिरतोस, ते काय?"

"काही खरंच ओळखतो गं," नंदूदादा चपलेकडे बघत म्हणाले. "बाकीच्या... अगं, चढवलेला रंग सगळ्यांना दिसतो. उतरवलेला कोणाला दाखवू? काहीतरी बोलायला लागतं ना माणसाला."

शैलाताईंनी पैठणीची घडी घातली, पिशवीत ठेवली. मला वाटलं, निघाल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि बसल्या.

"बरं. मग आता उतरवून दाखवा."

नंदूदादांनी टाकीतून काचेच्या भांड्यात पाणी काढून आणलं. शाईसारखं काळंकुट्ट. त्यात हिराकस, मग चुना. आधी भराभर ढवळलं, मग अगदी हळू, तान्ह्याला मऊ भात कालवावा तसं. पूर्ण वेळ हा माणूस गप्प. पाणी नासलेल्या दुधासारखं फाटलं, काळे गोळे जमले आणि सावकाश खाली बसायला लागले. भांडं वरून स्वच्छ होत गेलं. त्यातून आरपार गेटवरचा वॉचमन दिसायला लागला. आधी टोपी, मग मिशा, मग शर्टाची बटणं.

"अगं बाई!" शैलाताईंनी चक्क टाळी वाजवली. मग सुजाताकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही लग्नाचा हॉल लवकर बघा हो. मे महिन्यात मिळत नाहीत." केतकीचा हात ओढणीसकट खाली आला.

आणि नंदूदादांना त्या म्हणाल्या, "पुन्हा करा ना. मिशा आल्या तेव्हा माझं लक्ष नव्हतं."

नंदूदादा दुसरं भांडं भरायला टाकीपाशी गेले. भांडं केव्हाच भरलं, तरी ते बराच वेळ आमच्याकडे पाठ करून तिथेच उभे होते. सुजाता उठायला लागली, तर शैलाताईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मग गेटकडे बघत शाळेतल्या आवाजात ओरडल्या,

"वॉचमन, जागचं हलायचं नाही हं!"