यशवंतभाऊंची मागची सीट

आमच्या शेजारचे यशवंतभाऊ गाडी सुरू करतात आणि निघत नाहीत. फाटकाशी मोटरसायकल धडधडत उभी, भाऊ हेल्मेट घालून ताठ बसलेले, नजर हँडलवरच्या पॅनेलवर. मागच्या सीटवर कोणी नाही. थोड्या वेळाने ते मान न वळवता म्हणतात, "बस गो." मग पॅनेलवरचा एक लाल दिवा आपोआप लागतो, भाऊ गिअर टाकतात आणि जातात. दिवा नाहीच लागला तर गाडी बंद करून घरात येतात, चपला काढतात आणि पेपर उघडून बसतात. त्या दिवशी बाजार नाही, बँक नाही, काही नाही.

हे सगळं मी माझ्या ओट्यावरून चहा पिता पिता पाहतो. महाडात विक्षिप्त माणसांचा तुटवडा नाही. मी शाळेत चित्रकला शिकवण्यात जन्म घालवला, तेव्हा लोक मलाही त्यांच्यातच धरत असतील. पण लख्ख सकाळी, डोळ्यांदेखत रिकाम्या सीटचा दिवा लागला की माझा चहा तसाच गार होतो. आमच्या हिने तर ओट्यावर बसणंच सोडलं.

शेवटी धीर करून विचारलं, "भाऊ, हे काय प्रकरण आहे?"

"कसला प्रकरण? वायर हाय."

"अहो, पण सीटवर कोणी नसताना..."

"गुरुजी, आम्ही बौद्ध माणसं. भूत, आत्मा, काय मानत नाय. वायर हाय ती."

हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. गुडघा धरला, आतली वायर हाय. पाऊस लांबला, वरची वायर हाय. पोलादपूरला दिलेल्या लेकीचा नवरा मुंबईहून फोन करत नाही, त्याची वायर ढिली हाय. तहसील कचेरीत कारकुनी करताना हा माणूस फायलींशी असा बोलत असेल तर लोकांची कामं कशी झाली देव जाणे!

त्या दिव्याची कथा मात्र साधी आहे. सुमनवहिनी असताना दोघं एकदा वहिनींच्या माहेराहून, वरंधहून परत येत होते. बिरवाडीच्या पंपावर पेट्रोल भरलं. वहिनी उतरल्या होत्या, पदर सारखा करत होत्या. भाऊंनी किक मारली आणि निघाले. महाडपर्यंत मेहुण्याला शिव्या देत आले. दारात गाडी थांबवून म्हणाले, "एवढा बोललो, तू गप्प का?" वळून बघतात तर सीट रिकामी! वहिनी पंपावर बसून होत्या. परत आणल्यावर त्या आठवडाभर भाऊंशी बोलल्या नाहीत. आम्हाला मात्र ही गोष्ट रोज नव्याने सांगायच्या.

मग भाऊंनी पॅनेल बनवायला घेतलं. वहिनींच्या मोठ्या बिस्किटाच्या डब्याचं झाकण उचललं, पत्रा कापला, कानशीने कडा घासल्या, काळा रंग मारला. वहिनी आतून ओरडत होत्या, "माझा पापडाचा डबा बोडका केलात!" पॅनेलवर मोबाइल चार्जिंगचं सॉकेट, बॅटरीचा काटा, एक जादा भोंगा, घाटातल्या धुक्यासाठी पिवळ्या दिव्याचं बटण. आणि मधोमध तो लाल दिवा. मागच्या सीटच्या फोममध्ये दारावरच्या घंटीचं बटण बसवलं होतं. माणूस बसला की दिवा लागणार. दिवा लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही, अशी शपथच वहिनींनी घातली.

प्रत्येक बटणाखाली वहिनींनी नेलपॉलिशने नाव लिहिलं. 'भोंगा', 'धुकं', 'फोन'. लाल दिव्याखाली काय लिहू, म्हणून विचारलं. भाऊ म्हणाले, "तुझाच दिवा हाय, तूच ठरव." वहिनींनी लिहिलं, 'मी'.

वहिनी थंडीत गेल्या. ताप ताप म्हणता गेल्या. भाऊ रडले नाहीत आणि गाडी जांभळाखाली उभीच राहिली. पुढे भर पावसाळ्यात एकदा बॅटरी मरू नये म्हणून त्यांनी ती सुरू केली. मी छत्री घेऊन शेजारीच होतो. किक मारली आणि 'मी'वरचा दिवा लागला. जांभळावरून पाणी गळत होतं, सीट रिकामी होती, आणि दिवा चांगला ठसठशीत पेटलेला.

"सीटमध्ये पाणी शिरलं असेल, भाऊ," मी म्हणालो.

"तेच. वायर हाय," ते म्हणाले. पण गाडी बंद केली नाही. आत जाऊन हेल्मेट घेऊन आले आणि त्या पावसात गावभर फिरून आले. तेव्हापासून हा नेम सुरू झाला. त्या सीटवर कोणाला बसू म्हणून देत नाहीत.

ओल शिरली, हे मलाही पटतं. पण पाचाडला एका लग्नाहून परतताना चहाला थांबलो, तर भाऊ गाडीवर बसूनच चहा मागत होते. टपरीवाला नवा, ओळख ना पाळख. तो दोन ग्लास घेऊन आला. भाऊ म्हणाले, "मी एकटाच हाय." तो गाडीच्या मागे बघून म्हणाला, "मंग त्यांना नको?" भाऊंनी दुसरा ग्लासही घेतला. तो ग्लास कोणी प्यायला ते मी पाहिलं नाही. मी सरळ माझी स्कूटर काढली.

मग चैत्राचं ऊन तापलं आणि दिवा लागेनासा झाला. भाऊ रोज फाटकाशी बसायचे, "बस गो," म्हणायचे, आणि परत आत. अशातच एका दुपारी पोलादपूरहून फोन आला. लेकीला, करुणाला, कळा सुरू झाल्या होत्या, दवाखान्यात नेलं होतं. आई नाही म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती सासरीच राहिली होती. "बाबा, तुम्ही या," एवढंच म्हणाली.

भाऊ गाडीवर बसले. इंजिन धडधडत राहिलं, दिवा लागेना. "बस गो." काही नाही. "सुमन, बस ना गो, पोर वाट बघते."

मी धावत गेलो. "भाऊ, रिक्षा आणतो."

"नाय. पहिल्या बाळंतपणाला मीच जाणार, असं बोलली होती ती. तिला सोडून कसा जाऊ? एकदा सोडून आलो ना पंपावर!"

आणि हा माणूस ढसाढसा रडायला लागला. वहिनी गेल्या तेव्हाचं सगळं त्या दिवशी बाहेर आलं. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी तंगडी टाकून मागे बसलो. दिवा लागला.

भाऊ दिव्याकडे बघत राहिले. माझं वजन, माझं धोतर, माझा घाम, सगळं त्यांना कळत होतं. मला वाटलं, आता उतरवतात. त्यांनी डोळे पुसले आणि गिअर टाकला.

नात सुखरूप झाली, हे आधीच सांगून टाकतो. पण तो रस्ता मी विसरणार नाही. महामार्गाचं काम चाललेलं, धुळीने पुढची गाडी दिसेना. एका खड्ड्यात मी सीटवरून वीतभर उडालो. अधांतरी असतानाच भाऊंच्या खांद्यावरून पॅनेल दिसलं. दिवा विझला नव्हता. मी खाली आपटलो ते जरा मागे सरकूनच, मध्ये जागा ठेवून. मागच्या लोखंडी कडीला घट्ट धरून बसलो. भाऊंना हात लावायची छाती झाली नाही.

पोलादपूर जवळ आलं तशी धूळ आणखी वाढली. भाऊ मान न वळवता, आजवर मी कधी न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाले, "धूळ लागते का गो? पदर घे तोंडावर."

मी मागे पाहिलं, बाजूला पाहिलं. भाऊ उत्तराची वाट बघत होते, गाडी हळू हळू होत थांबायला आली होती.

मी एक हात सोडून खिशातला रुमाल काढला आणि मिशांवरून नाकातोंडावर धरला.

"घेतला," मी म्हणालो.

तेव्हा त्यांनी गाडीचा वेग वाढवला.